सतरा किलो आठशेची पेटी

माझ्या चुलतसासऱ्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलेली नाही अशी लोखंडी वस्तू सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शिल्लक नाही. हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचले तेव्हा बायको म्हणाली, "लिहिताय तर निदान खरं लिहा." मी आकड्यांचा माणूस आहे, म्हणून दुरुस्ती करतो: वडूजच्या पलीकडचा थोडा भाग राहिला असावा, कारण तिकडे आमचे नातेवाईक नाहीत. बाकी फाटके, कपाटे, एसटीचे पत्रे, दवाखान्यातली खाट, काहीही सुटलेले नाही. एका लग्नात नवरीला द्यायचे कपाट मांडवात मांडले होते. यांनी टकटक केले, कान लावला आणि भर पंगतीत जाहीर केले, "बावीस गेज हाय, पातळ पत्रा. दार वाकणार." नवरीकडचे लोक तीन वर्षे आमच्याशी बोलत नव्हते. चौथ्या वर्षी दार वाकले आणि तेच लोक ते सरळ करून घ्यायला यांच्याच शेडवर आले. यांनी दार सरळ करून दिले, वर चहा पाजला, आणि जाताना म्हणाले, "मी तवाच सांगितलं हुतं." एवढे सांगितल्याशिवाय त्यांना चहा पचला नसता.

सगळे त्यांना आप्पा म्हणतात. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे गेली, मग तासगावच्या कडेला, बेदाण्याच्या शेडांच्या रांगेत, त्यांनी स्वतःचे वेल्डिंगचे शेड टाकले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, द्राक्षबागेचे अँगल, घरांची फाटके. वेल्डिंगच्या सांध्याला ते टाका म्हणतात आणि हस्ताक्षर ओळखावे तसा टाका ओळखतात. तासगावहून सांगलीला जाताना त्यांच्या शेजारी बसलात तर रस्त्यावरचे एकेक फाटक कोणाच्या हातचे, त्याचा त्या दिवशी मूड कसा होता आणि त्याने कुठे घाई केली, एवढे सगळे ऐकावे लागते. त्यांचा एकच शत्रू आहे, आणि तो म्हणजे लांबी. पत्र्यावरचे खड्डे आणि वाईट सांधे बुजवून वर रंग मारायला जी लेई वापरतात, ती लांबी. "लांबी म्हंजी खोटी साक्ष," असे ते म्हणतात, आणि हे म्हणताना अशा नजरेने बघतात की आपणच आयुष्यभर लांबी भरत आलो आहोत असे वाटायला लागते.

मी साताऱ्यात जमिनींच्या मोजणीचे नकाशे संगणकावर काढून देतो. त्या संगणकाचा डबा जुना झाला होता. पाय तुटलेले, एक बाजू बसत नव्हती, खाली पुठ्ठ्याची घडी लावलेली. आप्पा एकदा मुक्कामाला आले, चहा हातात असतानाच त्यांनी डब्याला पेर लावले, आणि कप खाली ठेवला.

"पाव्हणं, ह्यो पत्रा हाय का पापड?"

"आप्पा, सगळ्यांचे असेच असतात."

"सगळ्यांचं मी कुठं इचारलं? तुमी ह्याच्यात लोकांच्या जमिनी ठिवताय आन् वर पापड झाकताय व्हय?"

एरवी ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्या महिन्यात त्यांच्या घरात वेगळेच चालले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांना वेल्डिंगच्या उजेडापासून जपायला सांगितले होते. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने शेड बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याला द्यायचे जवळपास ठरवून टाकले. मुलगा वाईट नाही. डोळे गेले तर बापाला कोण सांभाळणार, एवढाच त्याचा प्रश्न, आणि तो रास्त होता. आप्पांनी त्याला फोनवर सांगितले, मी शेजारी बसलो होतो: "एक वस्तू करून दावतो. लय बारीक काम. बिनचूक झाली तर शेड माझं. न्हाई झाली तर मशीन तूच पोत्यात घाल." मुलगा म्हणाला, "कसली वस्तू?" आप्पा माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "पाव्हण्यांच्या कांपुटरची पेटी."

मापे काढायचे काम माझ्याकडे आले आणि मला त्याचा अभिमान वाटला हे कबूल करतो. डबा आडवा ठेवून, बटणाच्या बाजूला बसून, मी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मापे घेतली. आत संगणकाची मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, ज्या पत्र्याच्या पाट्यावर बसतो त्याला नऊ नट लागतात. नवाच्या नवांची जागा मी लिहिली: मागच्या कडेपासून इतके, डावीकडून इतके. खाली रेघ मारून सही केली. मागची खिडकी, जिथून वायरी जातात, ती जुना पत्रा वर ठेवून कापायची असे ठरले. तीही सूचना लिहिली.

पुढचे तीन आठवडे आप्पा शेडमध्ये काय करत होते ते मला फोनवर कळायचे. दोन मिलिमीटरचा पत्रा. वीस बाय वीसच्या अँगलची चौकट. दाराला कुलूप नाही, ट्रॉलीच्या फळक्याला असते तशी साखळी आणि खिळा. उचलायला दोन कड्या. सांगलीच्या कॉम्प्युटरवाल्याने म्हणे त्यांना विचारले, "आप्पा, एवढी जड पेटी कशाला? गोळीबार होणार हाय का?" तर आप्पा म्हणाले, "चोरानं उचलली तर बाकीचा जलम त्येनं पाठ शेकत बसावं, म्हनून."

ठरलेल्या रविवारी मी मदरबोर्ड टॉवेलात गुंडाळून, कराडला गाडी बदलून, तासगावला पोचलो. मुलगा इस्त्रीच्या शर्टात आधीच आला होता. पेटी बाकावर उभी होती. शेजारच्या बेदाण्याच्या काट्यावर वजन केले: सतरा किलो आठशे. माझा जुना डबा साडेचारचा होता. काळा रंग, आत गंज धरू नये म्हणून रेडऑक्साइड, आणि टाके असे की हात फिरवावा. मी साखळी सोडली, पेटी आडवी केली, मदरबोर्ड आत ठेवला. मागच्या खिडकीत बरोबर बसला. पण खाली नऊपैकी एकही नट भोकाखाली येईना.

मुलगा हळूच म्हणाला, "आप्पा, ठरलं होतं आपलं."

आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि नटांवरून बोट फिरवत राहिले. मी भिंतीवर लावलेला माझा कागद काढला, पट्टी घेतली, मोजले. नवाच्या नऊ मापे बरोबर होती. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर. फक्त उलट्या कडेपासून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी डब्यासमोर बसून माझी डावी ती डावी धरली होती. ट्रॉलीच्या धंद्यात डावी-उजवी बघणाऱ्याची नसतेच. ती ड्रायव्हरची असते, वाहनात बसून पुढे तोंड केलेल्याची. आप्पांच्या लेखी बटणाची बाजू म्हणजे पेटीचे तोंड. त्यांची डावी ती माझी उजवी. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखणाऱ्या माणसाने कुठे उभे राहून मोजले तेवढेच लिहिले नव्हते.

मी गप्प राहिलो असतो तर शेड गेले असते. म्हणालो, "चूक माझी आहे. डावी कुठून बघायची ते कागदावर नाही."

"दाजी, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका," मुलगा म्हणाला. "दिसत नाही त्यांना, सरळ आहे."

मी कागद आणि पट्टी त्याच्या हातात दिली. तो मोजायला लागला. तिसऱ्या नटाला त्याचा चेहरा बदलला. पण आप्पा माझ्यावरच उखडले.

"पाव्हणं, वकिली ऱ्हाऊ द्या. कागद तुमचा, पर पेटी माझ्या हातची. इचारायचं काम माझं हुतं."

मग त्यांनी ग्राइंडर उचलला. चाळीस वर्षांत आप्पांनी स्वतःचा टाका कापलेला नाही, हे तासगावात कोणीही सांगेल. विचारले नाही तर आप्पा स्वतः सांगतील. त्या माणसाने आमच्यादेखत आपले ते देखणे टाके कडेकडेने कापून पाटा सोडवला. तो उलटा केला की भोके जागेवर येत होती. फक्त नट सोडवून दुसऱ्या अंगाला लावायचे होते. "बघत काय ऱ्हायलास?" ते मुलाला म्हणाले. "हातमोजं घाल आन् धर. फौजेत ह्याला श्रमदान म्हनत्यात." इस्त्रीच्या शर्टाला ठिणग्यांनी तीन भोके पडली. दुपार कलली तेव्हा पाटा परत बसला होता. मी नवाच्या नऊ स्क्रू बोटांनी फिरवले, पेचकस लागला नाही.

मुलाने बाहेर जाऊन व्यापाऱ्याला फोन केला. आत येऊन एवढेच म्हणाला, "वेल्डिंगची चांगली काळी काच तरी घ्या आप्पा डोळ्यावर. मी पाठवतो."

कापल्या जागी टाक्याची एक ओबडधोबड रेघ राहिली होती. मी चुकून म्हणालो, "थोडी लांबी भरली तर दिसणार नाही." आप्पांनी माझ्याकडे जे बघितले ते मी इथे लिहीत नाही. "दिसू दे की. हितं चुकलं हुतं आन् हितं सुदारलं, दोनी दिसू दे."

त्यानंतर त्यांनी दोन हंगाम काम केले. मग एके दिवशी, कोणी न सांगता, त्यांनी स्वतःच मशीनवर पोते टाकले. कारण कोणाला सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. आता ते साताऱ्याला येतात तेव्हा आधी पेटीपाशी बसतात. पेराने ठोकतात, कान लावतात, मान हलवतात. नकाशातल्या रेघा त्यांना दिसत नाहीत. मला दार उघडायला लावतात आणि आत हात घालून बोटाने ती ओबडधोबड रेघ शोधतात. मी मदतीला हात पुढे केला की फटकारतात, "सोडा, मला गावतंय." आणि गावते. दर वेळी बोट नेमके तिथेच थांबते. मी एकदा पट्टी लावून पाहिले: डावीकडून बत्तीस मिलिमीटर. ड्रायव्हरच्या.