पाण्यापल्याडची सव्वा मूठ

तापीकाठच्या त्या गावात प्रमिलाबाईसारखी चौकस बाई दुसरी नव्हती. खाली बंधारा झाला, पाणी फुगलं आणि तिच्या मळ्याला चहूबाजूंनी वेढा पडला. मळ्याचं बेट झालं. दुसरं कुणी हातपाय गाळून बसलं असतं. ही बया मात्र काठी रोवून पाणी कुठवर चढलं ते रोज बघायची. उन्हाळ्यात बंधाऱ्याची दारं उघडली, पाणी उतरलं, तर गावाकडची जुनी गाडवाट चिखलातून जशीच्या तशी वर आली, चाकोऱ्यांसकट! म्हणजे खालून जमीन जोडलेलीच आहे, हे कळल्यावर तिला कोण आनंद झाला.

नवरा गेला तरी तिने मळा सोडला नाही. दोन म्हशी, विहीर, गव्हाचं वावर आणि जायला-यायला होडी.

श्रावणात घरात कानबाई देवी बसते. भावकीतल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा, त्याच्या पिठाचे जाडसर रोट करायचे आणि ते घरच्यांनीच संपवायचे, ही त्यांच्या घरची रीत. यंदा आदल्या दिवशी पुतणसून दिपमालाचा फोन आला. थोरले दीर चुडामण आबा म्हणाले होते, रोट पाणी ओलांडत नाही, प्रमिला आता पल्याडची, तिची मूठ टाकू नका.

मूठ नाही म्हणजे ती घरातलीच नाही. प्रमिलाबाई पोटभर रडली. मग मात्र तिला प्रश्न पडला, आपण गेलो तरी कुठे?

दुसऱ्या दिवशी होडीतून उतरून ती थेट आबांच्या ओसरीवर आली. बायका गहू निवडत होत्या, आबा सुपाशी बसले होते. थोरल्या दिरापुढे कधी ब्र न काढलेली बाई पदर सावरत म्हणाली, "आबा, मी कोठे गयी? मी जागावरच शे. पानी चालीसन उनं."

"रीत शे ती," आबा पुटपुटले.

"बरं. हाऊ गहू कोना वावरना?"

बायकांचे हात थांबले. कानबाईचा गहू पिढ्यान्‌पिढ्या प्रमिलाबाईच्या त्याच मळ्यातला. यंदाही चैत्रात, वाट वर यायच्या आधी, होडीनेच आलेला. आबांना ते काय ठाऊक नव्हतं?

"तो पानी वलांडीसन उना, ते चालनं?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आबा हेकट खरे, पण मनाचे खोटे नव्हते. त्यांनी मूठ भरून गहू सुपात टाकला, वर पाव मूठ टाकली.

"प्रमिला," ते म्हणाले, "आपला घरनी."