आठ सुपाऱ्यांचं हॉस्पिटल

लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं होतं, "मुलगी किती शिकलीय?" आईने तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं, "दहावी झालीय." यातला एकही शब्द खोटा नव्हता. दहावीची परीक्षा झाली होती, निकालही झाला होता. फक्त इंग्रजीत मी सपशेल आपटले होते. ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे बावीस वर्षं श्रीवर्धनात मी दहावी पास म्हणून मिरवले.

दोन वर्षांपूर्वी लेक दहावीला बसली. एक दिवस म्हणाली, "आई, तुला इंग्रजीत किती मार्क होते गं? सर्टिफिकेट दाखव ना." मी कपाटाची चावी हरवल्याची थाप मारली. ती बिचारी आठवडाभर चावी शोधत होती आणि मी तिच्यावर उगाच खेकसत होते. ती पास होऊन पनवेलला शिकायला गेली तेव्हा मी ठरवलं, आता बस्स झालं. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, दहावी खरोखरची पास व्हायचं आणि नवऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नाही.

मी ज्यांच्या वाडीत सुपारी सोलायला जाते त्या बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. हे गुपित मी त्यांना एकट्यांनाच सांगितलं. त्या हसल्या नाहीत, की अरेरे म्हणाल्या नाहीत. "उद्यापासून एक तास आधी ये," एवढंच म्हणाल्या.

बाकीचे विषय मी कसेही रेटले असते. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की मात्र मला घाम फुटायचा. बाई म्हणाल्या, आधी सोप्या मार्कांना हात घालू. पेपरात एक मोठा शब्द देतात, त्यातल्याच अक्षरांचे छोटे शब्द करायचे. त्यांनी बाजूला काढलेल्या आठ किडक्या सुपाऱ्या घेतल्या, पेनाने प्रत्येकीवर एकेक इंग्रजी अक्षर लिहिलं आणि ओटीवर ओळीने मांडल्या. हॉस्पिटल. "कर आता शब्द," म्हणाल्या.

मला इंग्रजी शब्द कुठून सुचणार? पण मोबाईलवर लेकीशी गप्पा मारताना मी मराठीच लिहिते, इंग्रजी अक्षरांत. तीच सवय कामी आली. एच, ए, टी अशा तीन सुपाऱ्या पुढे ओढल्या आणि म्हटलं, "हात."

बाईंनी चष्म्यातून पाहिलं. "हॅट. म्हणजे टोपी. बरोबर आहे!"

मी चाट पडले. लगेच पाठ लावली. "पाथ. वाट. बरोबर." पोट लावलं. "पॉट. भांडं. बरोबर!" ताप लावला. "टॅप, नळ!" बाई आता हसून हसून डोळे पुसत होत्या. "अगं, हात, पाठ, पोट, ताप! हॉस्पिटलात अख्खा पेशंटच भरती केलास की!"

मग मी लाट लावली. तो शब्द इंग्रजीत नाही म्हणे. "का न्हाय?" मी तावातावाने विचारलं. "एवढा चांगला शब्द हाय!" बाई म्हणाल्या, भांडायचं तर इंग्रजांशी भांड, पेपरात लिहू नकोस.

जाता जाता त्यांनी माझ्या पोटाच्या तीन सुपाऱ्यांना एस जोडला आणि नुसत्या जागा बदलत गेल्या. पोस्ट. स्टॉप. स्पॉट. तीच चार अक्षरं! मला कोण आनंद झाला. घरी जाताना पोस्ट दिसलं, पुढे बसचा स्टॉप दिसला आणि मी रस्त्यात एकटीच हसले. ज्या भाषेला मी जन्मभर घाबरले, तिच्यात माझं हात-पोट होतं. त्यानंतर मी सुटलेच. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, हॉटेलची पाटी, काही म्हणजे काही सोडलं नाही. बाई रोज नवा शब्द मांडायच्या आणि मी सुपारी सोलता सोलता तो फोडायचे.

मार्चमध्ये बहिणीकडे पापड करायला जाते असं सांगून माणगाव गाठलं. परीक्षेचं केंद्र तिथलंच मागून घेतलं होतं. इंग्रजीच्या पेपरात शब्द आला, इम्पॉर्टंट. मला वर्गातच हसू फुटलं. रान, मन, मत, तर! चारही शब्द मला पक्के ठाऊक होते, रॅन, मॅन, मॅट, टार. ते लिहिले आणि तशीच पुढच्या प्रश्नांना भिडले. परतताना बाजारातून पापड विकत घेतले.

निकाल बाईंच्या फोनवर पाहिला. इंग्रजीत एक्केचाळीस! सगळ्या विषयांत पास! मी बाईंना मिठीच मारली आणि सरळ घरी पळत सुटले. हे अंगणात टेम्पो धूत होते.

"अहो, मी पास झाले!" मी ओरडले.

"कशात?"

आनंदाच्या भरात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ही बातमी सांगायची तर आधी ते जुनं खोटं कबूल करावं लागणार होतं.

"दहावीत," मी म्हणाले. "तवा नापास झालेले. इंग्रजीत. आता पास झाले."

ह्यांनी नळ बंद केला. हे स्वतः आठवीतून शाळा सोडलेले. ओले हात न पुसताच माझ्याकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बावीस वर्षं मी जगाला सांगतोय," म्हणाले, "माझी बायको दहावी पास हाय."

आवाजात राग नव्हता. राग परवडला असता. मी जवळ गेले आणि निकाल उतरवलेला कागद त्यांच्या ओल्या हातात दिला.

"आता सांगा," मी म्हणाले.