भरदुपारचा धूर

आमच्या तुळजापुरातल्या गल्लीत कोणाची कमाई कशी चाललीय हे विचारावं लागत नाही. गच्चीवर जायचं आणि धूर बघायचा! सकाळचा धूर अंघोळीच्या पाण्याचा, त्यात काही नाही. पण भरदुपारी धूर निघाला, की समजायचं: यात्रेकरू कमी, गॅस महाग, स्वयंपाक चुलीवर. नवरात्रात हातात पैसा खेळू लागला, की सगळ्या चुली गार.

देवीच्या दर्शनाला येऊन आमच्या घरी उतरणाऱ्या यजमानांसाठी आम्ही नैवेद्याच्या पुरणपोळ्या करतो. समोरच्या काकूंकडंही होतात. म्हणून काकूंचा डोळा आमच्या गच्चीवर आणि आईचा त्यांच्या.

यंदा ऐन पावसाळ्यात, यात्रेकरू नसताना गॅसचा भाव वाढला. आईनं डाळ सकाळीच, अंघोळीच्या पाण्यासोबत, गच्चीवरच्या चुलीवर उरकायला घेतली, गॅस फक्त पोळ्यांपुरता ठेवला आणि नवी टाकी सांगितलीच नाही. "पुढच्या महिन्यात उतरतोय म्हणं. थांबा जरा."

अशात एका मंगळवारी दुपारी सोलापूरचे जुने यजमान आले. सोबत नवी सून. तिच्या माहेरचे समोरच्या काकूंकडं उतरणारे! आज काही बिघडलं, की पुढच्या खेपेला सून अख्खं घर तिकडं नेणार.

मंडळी खाली नैवेद्याची वाट बघत बसली. माझ्या बायकोनं पहिली पोळी तव्यावर टाकली आणि ज्योत फडफडून गुल! तिनं टाकी हलवली, कलती केली. काही नाही.

"आई, चूल पेटवते."

"आत्ता? समोरची टपूनच बसलीय. धूर दिसला, की हाका मारून सांगंल यजमानाला."

"मग पोळ्या ढगावर भाजू?"

तेवढ्यात खालून सुनेचा आवाज आला, "लई वेळ हाय का वो? न्हायतर समोर विचारू?"

आई तवा उचलून गच्चीचा जिना चढली, मागोमाग आम्ही दोघं. तुरीच्या काड्या दमट. असा धूर उठला की बोलायची सोय नाही. मी छत्री उघडून चुलीवर धरली. धूर छत्रीला वळसा घालून आणखी ऐटीत वर गेला.

समोरच्या गच्चीचं दार करकरलं. मी छत्री आणखी खाली धरली.

काकू बाहेर आल्या. डोळे लाल, केसांत राख, हातात फुंकणी. त्यांच्या कठड्यामागून धुराचा लोट निघत होता.

"उतरतोय म्हणं, पुढच्या महिन्यात?" आईनं विचारलं.

"आमी पण तेच ऐकलं की वो, वहिनी."

मागं पैंजण वाजले. सून जिन्यात उभी होती. तिनं आमची चूल बघितली, समोरचा धूर बघितला, माझी छत्री बघितली.

"म्हणजे तिकडं गेलं तरी उशीरच," ती म्हणाली. "करा निवांत. आणि दादा, ती छत्री मिटवा, पोळी दिसंना त्यांना."