तिच्या गाडीची मूठ

आमच्या चाळीत मोटारसायकल चालवणारी बाई एकच. नवरा गेल्यावर तिने त्याची गाडी विकली नाही, चालवायला शिकली. पहाटे धक्क्यावरून मासळी आणते, मागे टब बांधून मुलुंडच्या बाजारात नेते. पन्नाशीची असेल. साडीवर जॅकेट घालते. मला ती पहिल्यापासून आवडत नाही.

एका रविवारी ती आमच्या दारात आली आणि माझ्याकडे न बघता यांच्याशी बोलली.

"दादा, मूठ पिळली तरी गाडी आधी ढिम्म हलत नाही, मग एकदम उडी मारते. काल अर्धी कोलंबी रस्त्यावर गेली. जरा बघता?"

आमचे हे कंपनीत फिटर होते. घरी बसल्यापासून खुर्चीतून उठवायला हाका माराव्या लागतात. माझ्या मिक्सरचं बटण दिवाळीपासून ढिलं आहे. पण त्या दिवशी चहा अर्धा टाकून पाने-स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

"मिक्सर पण उडी मारतो," मी म्हणाले.

"बघतो ना," म्हणाले आणि गेले.

मी तांदळाचं ताट घेऊन बाहेर ओट्यावर, गाडीसमोरच बसले. तांदूळ पाकिटातला, निवडायची काही गरज नव्हती.

मुठीपासून इंजिनाकडे जाणारी वायर यांनी सोडवली, तिला बोट लावून वास घेतला. "हिच्यात काय घातलंस?"

"माशाचं तेल. होडीला लावतो ना आम्ही, लाकूड टिकतं. म्हटलं वायर पण टिकेल."

हे मोठ्याने हसले. "अगं, ते वाळून डिंक होतं. वायर चिकटते आणि मग एकदम सुटते. शिवाय ताणून ढिली पण झालीय."

हेच मी केलं असतं तर माझी अक्कल काढली असती, माझ्या माहेरासकट.

वायर पेट्रोलने धुतली, पुसली, नवं ऑइल सोडलं, परत बसवली. नट आवळायला घेतला तर ती म्हणते, "एकदम टाइट करा दादा, ढील ठेवूच नका."

"तसं चालत नाही," हे म्हणाले. तिला पटावं म्हणून घट्ट करून दाखवलं. गाडी चालू करून हँडल नुसतं वळवलं, तर मूठ न पिळताच इंजिन ओरडायला लागलं. मग नट थोडा उलटा फिरवला. माझ्या ताटातला एक तांदूळ उचलून तिच्यापुढे धरला. "एवढी ढील पाहिजे. कळलं?" मला यांनी जन्मात एक गोष्ट दोनदा सांगितली नाही.

तिने मूठ धरली, तिच्या हातावर यांनी हात ठेवला. "बघ, इथे पकड घेते." पकड कळायला तेवढा वेळ लागत नाही.

"बसा मागे दादा, एक राउंड मारू. वजन असलं की खरं कळेल."

हे पाय टाकणार तोच मी ताट खाली ठेवलं. "वजनच पाहिजे ना? मी यांच्यापेक्षा जड आहे."

ती हसली. "बसा वहिनी. घट्ट धरा हां. पडलात तर दादा मला सोडणार नाहीत."

"सोडतील गं, लगेच सोडतील."

मी एका बाजूला पाय घेऊन बसले, तिची कंबर धरली. मेट्रोच्या खांबांच्या कडेने सोनापूरच्या सिग्नलपर्यंत गेलो. यांना हिच्यात काय दिसतं ते बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सिग्नलला एक रिक्षावाला खेकसला, "ओ आंटी, साइडला घ्या!"

"तू घे ना रे. रोड काय सासऱ्याने दिला तुला?" ती म्हणाली आणि मूठ पिळली. गाडीने झटका दिला नाही. सरळ निघाली आणि रिक्षा मागे राहिली.

तेव्हा माझा खरा जळफळाट झाला. मी आजवर जिथे गेले तिथे कुणीतरी नेलं म्हणून गेले. बाजारात, दवाखान्यात, माहेरीसुद्धा. ही मूठ पिळते आणि जाते. माझा नवरा तिने नेला असता तर मी चाळ गोळा करून, भांडून परत आणला असता. पण हे असं आपलं आपण जाणं कुणाशी भांडून आणायचं?

परत आलो तेव्हा हे दारातच उभे होते. "कशी चालली?"

"एकदम झकास, दादा."

"कुठे झकास?" मी उतरत म्हणाले. "मागे बसलेल्याला कळतं. मला झटका बसला."

झटका कसला बसतोय! पण हे लगेच वाकून मूठ बघायला लागले. "उद्या परत खोलतो."

"खोला," मी म्हणाले. "पण वजन तेच ठेवा. मागे मीच बसणार."