पट्टीवर वाढवलेलं दुकान

पोरानं आमच्या घरातून गल्लीभर केबल टाकली तेव्हा सून यायची होती. ती आली अन् तिनं मागच्या खोलीत कॅमेरा मांडून व्यापाराच्या बातम्या सुरू केल्या. सुरुवातीला काय तर संत्र्याचा भाव, कापसाचा भाव, अन् मिहानच्या उद्योगनगरीत कोणती कंपनी येऊन राहिली ते. ती बोलायला बसली की मी गॅस बंद करायची, कुकरची शिट्टी बातम्यांत जाऊ नये म्हणून. पाहता पाहता वर्धा-भंडाऱ्याचे केबलवालेही आमचं चॅनल दाखवू लागले. धरमपेठेत ऑफिस झालं अन् माझा कुकर मोकळा झाला.

ऑफिससमोरच एक जुनं साडीचं दुकान आहे. आम्ही मागच्या खोलीत होतो, कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा पहिली जाहिरात याच दुकानदारानं दिली होती. यंदा लग्नसराईच्या तोंडावर त्यानं वरचा मजला घेतला. सकाळी पूजा झाली, मी स्वतः पेढा खाऊन आले.

दुपारी टीव्हीसमोर मेथी निवडत बसले होते. सून बातम्या सांगून राहिली होती, खाली पट्टी पळून राहिली होती. पट्टी म्हणजे पडद्याच्या तळाची सरकती ओळ, तीही सूनच लिहिते. कळमेश्वरच्या एका कारखान्यातली भरती गेली अन् मागून आलं, 'धरमपेठेतील साडीच्या जुन्या दुकानदाराने दुकान वाढवले.'

माझा हात जागीच थांबला. आता नव्या पोरांना सांगावं लागतं, पण आमच्या पिढीत अपशकुन नको म्हणून दुकान बंद केलं असं कोणी म्हणत नाही, वाढवलं म्हणतात. संध्याकाळी कुलूप लावलं तरी वाढवलं अन् धंदा कायमचा गुंडाळला तरी वाढवलंच. सुनेला लिहायचं होतं की दुकान मोठं झालं. पट्टीत मावेल तेवढंच लिहायचं असतं, तिनं लहानसा शब्द घेतला.

मी फोन उचलते तोच तो वाजला. माझी मोठी जाऊ.

"काहून वं, त्यानं दुकान वाढवलं म्हनते! माया पोरीचा शालू तिथंच आहे नं, फॉल लावाले देलेला!"

"अवं बाई, वरचा मजला घेतला त्यानं."

"पट्टीवर आलं! तुयीच सून सांगून राहिली अन् तू मले शिकवतं?"

तिनं फोन ठेवला. सुनेचा लागेना, पोराचा लागेना. मेथी तशीच टाकून मी ऑटोत बसले. रस्ताभर एकच घोर. चॅनल गल्लीपुरतं होतं तेव्हा चूक झाली तर ओट्यावर उभं राहून सांगता यायचं. आता भंडाऱ्यात कोणाच्या ओट्यावर जाऊ?

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "आमच्या साड्या काढा आधी!" म्हणून बायका गल्ल्यावर हात आपटत होत्या. वरच्या जिन्याला झेंडूच्या माळा, अन् जिन्यावर एक माणूस नाही. दुकानदार नवा कुर्ता घालून, कपाळाचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलेलं.

"या वहिनी! तुमच्या चॅनलनं मले जिवंतपणी हार घातला!"

तेवढ्यात पोरगा अन् सून रस्ता ओलांडून धावत आले, मागे कॅमेरावाला.

"काका, पट्टी काढली. आता टाकतो, दुकान वाढवलं नाही."

"म्हंजे वरचा मजला गेला काय माया?"

"मग, दुकान बंद झालेलं नाही, असं टाकतो."

"पूजेच्या दिवशी तो शब्द तोंडातून काढू नोको गा!" दुकानदार ओरडला. "तुमची पट्टीच नको मले. माही जाहिरातबी काढून टाका."

सून पांढरी पडली होती. पण माईक तिनं सोडला नाही. कॅमेरावाल्याला म्हणाली, "लिहायचं नाही आता. हेच दाखव, लाईव्ह."

अन् पहिली कोण घुसली असेल कॅमेऱ्यात? माझी जाऊ!

"माया शालू कुठाय?"

"फॉलवाल्या बाया वर बसवल्या, ताई," दुकानदार हात जोडून म्हणाला. "आजपासून वरच्या मजल्यावर."

"वर? गुडघे तुये देतं काय मले, बाप्पा?"

बडबडत ती जिना चढली. कॅमेरा तिच्या मागं, अन् आपला माल वरच आहे हे कळल्यावर बाकीच्या बायकाही मागं. वर शालूला फॉल लागून राहिला होता. जावेनं तो तिथंच उलगडून पाहिला, अन् शेजारच्या ढिगातली एक पैठणीही ओढून पाहिली. सगळं विदर्भभर दिसलं. तरी काही बायका कापड घेऊन गेल्या त्या गेल्याच.

दुकानदार सुनेकडे पाठ करून गल्ल्यावर बसला. ती घरी येऊन तशीच बसली, दुपारचंही जेवली नव्हती.

दिवेलागणीनंतर फोन वाजला.

"वहिनी, दुकान वाढवून राहिलो."

"कायमचं?" मी विचारलं.

"आजच्यापुरतं हो! उद्या सकाळी उघडतो. अन् सूनबाईले सांगा, जाहिरात राहू दे म्हना, पन हे पट्टीवर टाकू नोको."

मी सुनेला निरोप सांगितला अन् उठून तिचं ताट वाढलं.