पहिला चमचा बोगुशाताईंचा

आमच्या मेयोनीजच्या कारखान्यात दर गुरुवारी चव घ्यायची बैठक भरते. पाच खुर्च्या, पाच चमचे, मधे पावाचे तुकडे आणि कोमट पाणी. पहिला चमचा बोगुशाताईंचा. त्या घास तोंडात घोळवायच्या, खिडकीबाहेर बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "ठीक" किंवा "डुकरांना घाला". मग बाकीचे चौघे चाखून तेच म्हणायचे. ताईंच्या आधी किंवा ताईंच्या विरुद्ध तोंड उघडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. अंडी पुरवणारा बदलला तेव्हा त्यांनी ते पहिल्याच चमच्याला ओळखलं होतं.

गेल्या पानगळीत त्यांचे यजमान लेओन वारले. ताई रडल्या नाहीत. अंत्यविधीनंतरच्या जेवणात त्यांनी सगळ्यांना सूप वाढलं, स्वतःचं ताट संपवलं आणि सोमवारी कामावर आल्या. आम्ही म्हटलं, काय खंबीर बाई! खंबीर आणि बधिर माणसं लांबून सारखीच दिसतात, आणि जवळ जायचं धाडस आमच्यात कुणाला? ते सूप पितानाच त्यांना कळलं होतं की तोंडाची चव गेली आहे. त्या कुणाला बोलल्या नाहीत. घरी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. गुरुवारी निदान चार माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची. सांगितलं असतं तर ती खुर्चीही गेली असती.

त्याच हिवाळ्यात आम्ही जवसाचं तेल घातलेलं, तब्येतीला चांगलं असं मेयोनीज काढलं. ते पातळ व्हायचं. ज्यात चमचा उभा राहत नाही त्या मेयोनीजला पोलंडातल्या बायका भिंतीचा रंग म्हणतात. तेव्हा साहेबांच्या हुकमाने मी माझ्या घुसळायच्या यंत्राचा दाब वाढवला. तेलाचे थेंब अगदी बारीक झाले, मेयोनीज पांढरंशुभ्र आणि घट्ट झालं. चमचा असा ताठ, जणू राष्ट्रगीत चालू आहे.

ईस्टर जवळ आला. माल गाडीत चढवला होता; ती सुटायच्या आधी, माल किती टिकतो ते बघायला मुद्दाम उबदार कपाटात ठेवलेल्या बरण्या चाखायच्या होत्या. मी दारात उभा होतो. ताईंनी चमचा घेतला, खिडकीबाहेर पाहिलं.

"ठीक."

मग पॅकिंगमधल्या फेलित्सियाने घास घेतला. तिचे डोळे पाणावले.

"ठीक," ती कशीबशी म्हणाली. उरलेले तिघेही ठीकच म्हणाले. त्यातल्या एकाने आधी पावाचे सगळे तुकडे संपवले.

तेवढ्यात आमचा रसायनवाला रादोमिर आला. बरणीवर वाकला आणि मागे सरला. "हे कुणी पास केलं? सडक्या माशाचा वास येतोय."

"मासा कुठला, राव?" मी म्हटलं. "जवसाचं तेल आहे."

"तेच खवट झालंय. किलोभर मोठे बटाटे आणि किलोभर बारके बटाटे सोललेस, तर साल कशाची जास्त निघेल?"

"बारक्यांची. बायकोच्या शिव्याही जास्त."

"तुझ्या दाबाने थेंब बारके झाले. तेल तेवढंच राहिलं, साल वाढली. त्या सालीला अंड्याच्या बलकातलं लोह आणि व्हिनेगरचं आंबट पाणी भिडलेलं असतं. तेल तिथूनच नासतं. दरवेळी होतंच असं नाही. आपल्या या मालात झालं."

ताई फेलित्सियाकडे वळल्या. "तुला लागलं होतं?"

"लागलं होतं, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ठीक म्हणालात ना. म्हटलं, आपलंच तोंड घाण असेल. सकाळी हेरिंग मासा खाल्ला होता."

रादोमिर भला माणूस. त्याने वाट काढून दिली. "ताई, सर्दी झाली असेल तुम्हाला. पुढच्या गुरुवारी बघू."

"सर्दी नाही," ताई म्हणाल्या. "लेओन गेल्यापासून मला मीठसुद्धा लागत नाही. इथून उठले तर गुरुवारी जाऊ कुठे, म्हणून ठीक म्हणत होते."

बसची वेळ सांगावी तशा आवाजात त्या हे बोलल्या. मग चमचा पुसून खाली ठेवला आणि खुर्ची मागे सारली.

गाडी रिकामी झाली. मी दाब उतरवला. चमचा आता जरा कलतो आणि बायका तक्रार करतात. बैठकीत हल्ली प्रत्येक जण आपापल्या चिठ्ठीवर लिहितो, एकमेकांकडे न बघता. ताई अजून येतात, पाव कापायला आणि पाणी ओतायला. चिठ्ठ्या गोळा झाल्या की फेलित्सियाला विचारतात, "कसं लागलं, फेला?"

"आंबट आधी, ताई. मग मोहरी. तेल अगदी शेवटी."

"बरं," ताई म्हणतात आणि चमचे धुवायला घेऊन जातात.