अण्णांनी चुकवलेले तीन गुरुवार

अण्णांचा पुतण्या पहिल्या गाडीनं हुबळीला माझ्याकडे आला आणि दारातच म्हणाला, अण्णा गेले. त्याच्या पंधराच दिवस आधी सप्तापुरात, बाबांच्या घरी, आमच्या कट्ट्यावर बसून त्यांनी माझ्या चहाला ‘ऐतिहासिक’ म्हटलं होतं... म्हणजे कधीकाळी गरम असलेला. त्यांना जाऊन महिना झाला, तरी त्यांची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

अण्णा कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवायचे आणि आमच्या वसाहतीचे अध्यक्षही होते. ओळीनं तीन गुरुवार दत्ताच्या आरतीला न येणाऱ्याला कमिटीत मत नाही, हा नियम त्यांचाच. शेजाऱ्यांनी एकत्र यावं, एवढाच हेतू. माझे बाबा कंपाउंडर, ते कधीच जात नसत. देवाशी भांडण नाही, ओळख नाही इतकंच, म्हणायचे. पुढे कमिटीला चेव आला. अशा माणसाला वसाहतीत घर तरी कशाला, याचा निकाल रविवारी लागणार होता. घर गेलं की आम्ही अळणावरला आजोळी जाणार आणि माझं कॉलेज सुटणार. मी रात्रंदिवस धास्तावलेली होते.

त्याच आठवड्यात अण्णा वर्गात अमेरिकेतल्या प्युरिटन वसाहतीवर रंगून बोलत होते. धर्मासाठी छळ सोसलेली माणसं समुद्र ओलांडून गेली आणि तिथं त्यांनीच कायदा केला : चर्चच्या सभासदालाच मत, प्रवचन चुकवलं तर दंड, वेगळं बोललं तर हद्दपारी. वर्ग हसला. मी उभी राहिले.

“सर, हद्दपार झालेल्यांच्या मुली पुढं कुठं शिकल्या?”

अण्णांनी खडू खाली ठेवला... आणि तास अर्धा टाकून निघून गेले.

रविवारी त्यांनी नियम रद्द करा म्हणून सांगितलं. कमिटी हटेना, निकाल तेवढा महिनाभर पुढं गेला. मग अण्णा हट्टाला पेटले. वर्षानुवर्षं आरती न चुकवलेला हा माणूस ओळीनं तीन गुरुवार ऐन आरतीच्या वेळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. पुढच्या बैठकीत खुशीत म्हणाला, “आता मलाही मत नाही की. घालवा दोघांना.” अध्यक्षाला घालवायची छाती कुणाची? नियम गेला, घर राहिलं, मी बी.ए. झाले. अण्णा पुन्हा आरतीला जाऊ लागले, पण ती आटोपली की चहाला आमच्याकडेच.

ते गेल्यानंतरच्या गुरुवारी मी सप्तापुरात होते. आरतीची घंटा वाजली तशी बाबांनी टोपी घातली. कुठं निघालात, मी विचारलं.

“अण्णा माझ्यासाठी तीन गुरुवार इथं बसले. एक तरी मी त्यांच्यासाठी तिथं उभा राहतो.”

मी मागोमाग गेले. बाबांना आरतीचा शब्दही येत नव्हता. ते डोळे पुसत, ठेका चुकवत, नुसत्या टाळ्या वाजवत राहिले.